दृष्टांत खरा की खोटा?

वाचक माउली, आपल्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ती घातली त्या दिवशी आपण काही नेम पत्करले. एकादशी करायची, वारी चुकवायची नाही, परस्त्री मातेसमान मानायची, अभक्ष्य खायचे नाही आणि खोटे बोलायचे नाही.

आता एक अडचणीचा प्रश्न पाहू. तीच माळ घातलेले बुवा कीर्तनाला उभे राहतात. अभंग घेतात, चरण सोडवू लागतात आणि मध्येच म्हणतात, "एका गावात एक सावकार होता." तो सावकार कुठल्या गावचा, कोणत्या साली होऊन गेला, हे बुवांना ठाऊक नसते. बहुतेक वेळा तो होऊन गेलेलाच नसतो. तरी बुवा त्याचा वाडा उभा करतात, त्याची बायको काय बोलली ते सांगतात, त्याच्या मरणाच्या रात्रीचा पाऊसही सांगतात. मग माळकऱ्याने भर मंडपात न घडलेली गोष्ट सांगितली, तर त्याचा नेम मोडला की राहिला? आणि ती ऐकून आपल्या डोळ्यांत पाणी आले, तर ते कोणासाठी आले? जो माणूस कधी नव्हताच, त्याच्यासाठी?

प्रश्न पोरकट वाटेल. पण कीर्तन संपल्यावर घरी जाताना नातू बोट धरून विचारतो, "आजोबा, हे खरेच झाले होते का?" तेव्हा आपण दोनपैकी एक उत्तर देऊन मोकळे होतो. "हो रे, झाले होते," किंवा "अरे, ती नुसती गोष्ट आहे." पहिल्या उत्तरात आपण ठाऊक नसलेल्या गोष्टीची ग्वाही देतो. दुसऱ्या उत्तरातल्या 'नुसती' या एका शब्दाने सारे कीर्तन करमणुकीच्या खात्यात जमा होते. तिसरे उत्तर असले पाहिजे. ते आज मिळून शोधू.

आधी एक दृष्टांत ऐकावा.

एक शेतकरी होता. पेरणी आटोपून तो वारीला निघाला. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या रानात कोणी नाही असे पाहून त्याने बांधावरचा खुणेचा दगड हातभर पलीकडे सरकवला. शेजारीही माळकरीच, तो दिंडीबरोबर दोन दिवस आधीच पुढे गेला होता. आपला शेतकरी वाटभर टाळ वाजवत चालला. नाम चुकले नाही, हरिपाठ चुकला नाही. पंढरपुरात दर्शनबारीत रात्रभर उभा राहिला. पाळी आली, पायांवर डोके ठेवायला वाकला, तर विटेच्या जागी त्याला तोच दगड दिसला. त्याने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. दगडच होता. देव त्या हातभर सरकवलेल्या दगडावर उभा होता आणि मागचे लोक "चला माउली, पुढे चला" म्हणत होते.

आता सांगतो. असा शेतकरी कोणी नाही. हा लेख लिहिताना मी त्याला रचले. त्याला गाव नाही, सात-बारा नाही. पण वाचताना आपले मन कुठे गेले ते आपणच पाहावे. कोणाचे स्वतःच्या बांधावर गेले असेल. ज्याला शेत नाही त्याचे भावाबरोबर झालेल्या वाटणीवर गेले असेल, दुकानातल्या तराजूवर गेले असेल, कोणाचे तरी घेतलेले आणि परत न केलेले पैसे आठवले असतील.

हेच मी सरळ लिहिले असते की दुसऱ्याची जमीन बळकावू नये, तर आपण मान डोलावली असती आणि शेजाऱ्याची आठवण काढली असती. उपदेश ऐकताना माणसाला दुसरा आठवतो. आणि मी कोणा खऱ्या माणसाचे नाव घेऊन खरी हकीगत लिहिली असती तर? मग तो कोणत्या गावचा, कोणाचा पाहुणा, कोर्टात काय झाले, यातच आपण गुंतलो असतो. त्या माणसाला नावे ठेवण्यात आपला बांध निसटून गेला असता. ज्याला नाव नाही, त्याच्या जागी ऐकणाऱ्याला स्वतःला उभे राहता येते. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने आपल्या काव्यशास्त्रात हेच वेगळ्या रीतीने मांडले आहे. इतिहास काय घडले ते सांगतो, काव्य काय घडू शकते ते सांगते. म्हणून काव्य हे इतिहासापेक्षा तत्त्वज्ञानाच्या जवळ आहे, असे त्याचे मत होते.

मग खोटे म्हणजे काय? महाभारतातला प्रसंग आपल्या सर्वांना माहीत आहे. द्रोणाचार्य रणात आवरत नव्हते. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि अश्वत्थामा मेला अशी आरोळी ठोकली. द्रोणांनी युधिष्ठिराला विचारले, कारण तो खोटे बोलणार नाही अशी त्यांची खात्री होती. युधिष्ठिराने अश्वत्थामा मेल्याचे मोठ्याने सांगितले आणि हत्ती हा शब्द हळूच उच्चारला. शब्द तपासले तर त्यात एकही खोटा नाही. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. तरी तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला, असे व्यासांनी लिहिले आहे.

म्हणजे सगळे शब्द खरे असूनही बोलणे खोटे होऊ शकते. त्याच न्यायाने, एकही घटना घडलेली नसताना सांगणे खरे असू शकते. खोटेपणा ठरतो तो समोरच्याला काय समजावे असा आपला हेतू आहे आणि आपण त्याच्यापासून काय लपवतो आहोत, यावरून. द्रोणांनी चुकीचे समजावे हाच युधिष्ठिराच्या बोलण्याचा हेतू होता. दृष्टांत सांगणाऱ्याचा हेतू आपण सावकाराची जन्मतारीख खरी मानावी असा नसतो. तो आपल्याला माणसाच्या लोभाकडे पाहायला लावतो आणि तो लोभ खरा असतो. आजी कहाणी सांगताना "आटपाट नगर होते" असे म्हणते तेव्हा ते नगर नकाशात शोधायचे नाही, हे घरातल्या लहानग्यालाही कळते. ते शब्द म्हणजे सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातला करार आहे. करार उघड असला की फसवणूक उरत नाही.

नाथबाबांची भारुडे आठवावीत. पैठणचे एकनाथ महाराज ब्राह्मणाच्या घरी जन्मले, भागवतावर टीका लिहिली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तेच भारुडात कधी वासुदेव होतात, कधी जोशी, कधी गोंधळी, कधी आंधळे-पांगळे, तर कधी विंचू चावलेली बाई. नाथांना तो विंचू कधी चावला, असे कोणी विचारत नाही. कारण तो काम-क्रोधाचा विंचू आहे आणि तो आपल्यालाही चावलेला आहे, हे ऐकताच कळते. नाथांनी आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाचा आवाज घेतला म्हणून ते खोटे बोलले नाहीत. उलट, ज्यांना शास्त्राच्या सभेत जागा नव्हती त्यांच्या तोंडून त्यांनी शास्त्र वदवले. स्वतःचे नाव आणि मोठेपण घडीभर बाजूला ठेवल्याशिवाय असे बोलता येत नाही. सोंग घेणे ही इथे नम्रतेची साधना झाली.

तरीही कोणी म्हणेल, रचलेल्या गोष्टीसाठी रडणे हा वेडेपणाच आहे. हा आक्षेप जुना आहे. प्लेटोने आपल्या आदर्श राज्यातून कवींना बाहेर काढले. ते नकलेची नक्कल करतात आणि ज्या भावना आवरायच्या त्यांनाच खतपाणी घालतात, असे त्याचे म्हणणे. गंमत अशी की ज्ञान म्हणजे काय हे सांगण्यासाठी त्याच ग्रंथात त्याने गुहेत साखळदंडांनी बांधलेल्या, भिंतीवरच्या सावल्यांनाच खरे मानणाऱ्या माणसांचा दृष्टांत दिला. ती गुहाही कुठे नव्हती. १९७५ साली कॉलिन रॅडफर्ड या इंग्रज तत्त्वज्ञाने हा प्रश्न पुन्हा मांडला. टॉलस्टॉयच्या कादंबरीतली ॲना कॅरेनिना कधी जगलीच नाही, हे वाचकाला माहीत असते. मग तिच्या दैवासाठी तो हळहळतो कसा? अशी हळहळ बुद्धीला धरून नाही, असा निष्कर्ष त्याने काढला.

आपल्याकडच्या आचार्यांनी या कोड्याकडे निराळ्या बाजूने पाहिले आहे. ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात शंकराचार्य स्वप्नातल्या सर्पदंशाचा दाखला देतात. साप खोटा, दंश खोटा. पण मला असे स्वप्न पडले, हे जागे झाल्यावरचे ज्ञान खोटे ठरत नाही. आपल्या रोजच्या अनुभवातही स्वप्नातल्या वाघाला भिऊन फुटलेला घाम अंथरूण भिजवतोच आणि तोच वाघ झोपलेल्याला जागेही करतो. कारण मिथ्या असले तरी जागे होणे मिथ्या होत नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा विचार करणाऱ्या भट्टनायक आणि अभिनवगुप्त या काश्मीरच्या पंडितांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी आणखी एक गोष्ट हेरली. रंगभूमीवरचे दुःख पाहताना ते माझे आहे असे वाटत नाही आणि परक्याचे आहे असेही वाटत नाही. ते साधारण होते, सर्वांचे होते. स्वतःच्या दुःखात माणूस 'माझे, माझे' म्हणून आवळला जातो. परक्याच्या दुःखात 'मला काय त्याचे' म्हणून सुटतो. कथेतल्या दुःखात ही दोन्ही टोके घडीभर गळून पडतात. परमार्थात ज्या 'मी'ला सैल करण्यासाठी आपण आयुष्यभर खटपट करतो, तो तिथे काही क्षण सहज सैल होतो. मंडपातल्या अश्रूंची किंमत ही आहे.

पण इथेच धोकाही आहे आणि तो आपल्याला प्लेटोपेक्षा जास्त लागू आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एका रशियन बाईचे उदाहरण दिले आहे. ती नाटकातल्या काल्पनिक माणसांसाठी रडते आहे आणि बाहेर तिचा गाडीवान थंडीने गारठून मरतो आहे. आपल्याला रशियाला जाण्याची गरज नाही. तारामतीच्या आख्यानाला पदर भिजवून घरी आलेली सासू सुनेला जेवलीस का म्हणून विचारते का? सुदाम्याच्या पोह्यांवर मान डोलावणारा यजमान गड्याची मजुरी त्याच संध्याकाळी देतो, की उद्यावर टाकतो? कथेतल्या गरिबासाठी रडायला काही मोजावे लागत नाही. तो दारात येत नाही, उसने मागत नाही, त्याच्या अंगाला वास येत नाही. म्हणून ते रडणे गोड लागते. आणि रडून झाले की आपण दयाळू आहोत असा दाखला आपणच आपल्याला देतो. असा अश्रू मन धूत नाही, मनावर तकाकी चढवतो.

जेम्सने त्यावर उपायही सांगितला. संगीताने मन हेलावले तर त्या भावनेला लहानशी का होईना, कृतीची वाट करून द्यावी. घरातल्या आत्या-मावशीशी गोड बोलावे, गाडीत आपली जागा दुसऱ्याला द्यावी, एवढे पुरे. आपल्या परंपरेत यासाठी एक नेमका शब्द आहे, दार्ष्टांतिक. ज्यासाठी दृष्टांत दिला ती गोष्ट म्हणजे दार्ष्टांतिक. महानुभावांच्या 'दृष्टांतपाठ' या जुन्या मराठी ग्रंथात ११४ दृष्टांत आहेत. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. आधी चक्रधरस्वामींचे सूत्र, मग त्यांनी सांगितलेला दृष्टांत आणि शेवटी केशिराजबासांनी जोडलेले दार्ष्टांतिक. हत्ती आणि आंधळे ही सर्वांना माहीत असलेली गोष्टही त्यात आहे. दृष्टांत सांगून तिथेच थांबले तर काम अर्धे राहते, हे त्या रचनेने मान्य केले आहे. ग्रंथात दार्ष्टांतिक लिहिणारा असतो. मंडपातून घरी निघालेल्या श्रोत्याचे दार्ष्टांतिक दुसरा कोणी लिहून देत नाही. ते त्याने वागून पुरे करायचे असते. बांधावरचा दगड मागे सरकला की मग तो शेतकरी खरा झाला.

काल्याचे कीर्तन हे याचे मोठे उदाहरण आहे. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी बाळक्रीडेचे वर्णन होते, हंडी फुटते, दही-लाह्यांचा काला एकमेकांच्या मुखी घातला जातो. मंडपात कोणी गोकुळचा गवळी नसतो. साठीतले पाटील, शाळामास्तर, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, भाजीवाली मावशी, सगळे घडीभर गोपाळ होतात. हे सोंग आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. पण ज्याच्या हातचे पाणी एरवी कोणी घेतले नसते त्याच्या हातचा घास या सोंगात पिढ्यान्पिढ्या घेतला गेला आहे आणि तो घास सोंगाचा नव्हता, पोटात गेला होता. कल्पनेने आधी एक जग उभे केले, ज्यात भेद नाही. मग शरीराला त्या जगात घडीभर वागण्याची सवय लावली. मात्र काला संपल्यावर त्याच माणसाला ओट्याखाली बसवले, तर आपण गोपाळकाला केला की नुसते नाटक केले, हे ज्याचे त्याने ठरवावे.

एवढी थोरवी सांगितल्यावर मर्यादाही सांगितली पाहिजे. दृष्टांत दाखवतो, सिद्ध करत नाही. दगड सरकवणाऱ्या शेतकऱ्याला भरघोस पीक आले आणि शेजारी उपाशी मेला, अशी गोष्टही कोणी तितकीच रंगवून सांगू शकतो. गोष्ट कोणत्याही बाजूला वळते. म्हणून वारकरी कीर्तनात आधी अभंग असतो, त्याला इतर संतवचनांची प्रमाणे असतात आणि दृष्टांत त्यांच्या सेवेला येतो. प्रमाण हा रस्ता आणि दृष्टांत हा हातातला कंदील. कंदील इतका शोभिवंत झाला की लोक रस्ता विसरून त्याच्याकडेच पाहत राहिले, तर मुक्काम गाठता येत नाही. कीर्तनाहून परतताना श्रोत्याला विनोद आठवतो आणि अभंग आठवत नाही, असे झाले तर बुवांनी आणि श्रोत्यांनी दोघांनीही विचार करावा.

दुसरी मर्यादा अधिक कडक आहे. रचलेली गोष्ट "समजा" म्हणून सांगितली तर तो दृष्टांत. तीच एखाद्या संताच्या नावावर, घडलेली म्हणून सांगितली, तर ते असत्य. हल्ली मोबाईलवर रोज नव्या कथा येतात. तुकोबांच्या तोंडी त्यांनी कधी न उच्चारलेली वाक्ये घातलेली असतात. हेतू चांगला होता, असे म्हणून भागत नाही. उघड करार मोडला की बोध कितीही गोड असला तरी युधिष्ठिराचा रथ खाली येतोच. शिवाय ज्या तरुणाला उद्या कळते की ही एक कथा बनावट होती, तो इतर कथांकडे आणि कदाचित संतांकडेही पाठ फिरवतो. एका टाळीसाठी केवढी ठेव आपण गहाण टाकतो!

ताहराबादच्या महिपतीबुवांचा आदर्श पाहावा. त्यांनी १७६२ साली 'भक्तविजय' पुरा केला. सत्तावन्न अध्यायांत संतांच्या कथा सांगताना नाभाजी आणि उद्धवचिद्घन या आधीच्या ग्रंथकारांचा आधार घेतल्याचे त्यांनी सांगून ठेवले आहे. कथा रसाळ केली, पण ती कुठून घेतली ते लपवले नाही. अठराव्या शतकातल्या माणसाने पाळलेली ही शिस्त आपल्याला जड का जावी?

तर नातवाला काय सांगावे? तीन शब्द जपून वापरावेत. 'घडले', 'सांगतात' आणि 'समजा'. जे निश्चित ठाऊक आहे त्याला घडले म्हणावे: माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशाला गीतेवर टीका सांगितली, हे घडले. परंपरेने श्रद्धेने जपलेल्या, आपण पाहायला नव्हतो अशा संतकथेला 'असे सांगतात' म्हणावे; त्या शब्दात अविश्वास नाही, वडीलधाऱ्यांच्या मुखाचा मान आहे. आणि दृष्टांताला 'समजा' म्हणावे. "बाळा, तो सावकार झाला नव्हता. पण त्याच्यासारखा लोभ आपल्या घरातही आहे, तो खरा आहे. आपण दोघे मिळून तो कुठे दडला आहे ते शोधू या." एवढे सांगितले तर नातवाचा विश्वास वाढेल, कमी होणार नाही. ज्या आजोबांना 'समजा' म्हणता येते, त्यांनी उद्या 'घडले' म्हटले तर पोर डोळे मिटून मानील.

आणि ऐकणाऱ्यासाठी एकच. पुढच्या कीर्तनात डोळ्यांत पाणी आले तर ते जरूर येऊ द्यावे, त्याची लाज नको. फक्त मंडपातून निघताना पादत्राणे शोधता शोधता स्वतःला विचारावे, या दृष्टांताचे दार्ष्टांतिक माझ्या घरात कोण? सुनेचे ताट आहे, गड्याची मजुरी आहे, बोलणे टाकलेला भाऊ आहे, की बांधावरचा दगड आहे? उत्तर सापडले की त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत, त्यातले थोडे तरी करून टाकावे.

राम कृष्ण हरि.